बोळाचा दर्जा

दोघी सख्ख्या बहिणी समोरासमोरच्या घरांत दिल्या, तेव्हा सगळ्यांनी नशीब काढलं म्हणून कौतुक केलं. दोन्ही स्वयंपाकघरं पहिल्या मजल्यावर, आणि मधला रस्ता इतका चिंचोळा, की थोरलीने खिडकीतून हात लांब केला की धाकटीच्या हातात वाटी पोचायची. बोलायला फोन लागत नसे. भांडायला तर नाहीच.

त्यांचे नवरे मात्र एकमेकांना पाण्यात पाहत. थोरले साडू ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. शिकणारे त्यांना 'सर' म्हणत, म्हणून घरचेही म्हणू लागले आणि हळूहळू तेही स्वतःला म्हणू लागले. "सर आज लवकर जेवणार आहेत," असं ते बायकोला सांगत. धाकटे साडू घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून दिवसभर चाकांतली चाकं बघायची सवय, त्यामुळे जगात काही वाकडं दिसलं की त्यांना ते सरळ केल्याशिवाय घास उतरत नसे.

लोकांनी मिळून काढलेला एक नकाशा इंटरनेटवर आहे, आणि त्यात कुणीही रस्ते भरू शकतो, हे घड्याळजींना कळलं आणि त्यांचं दुकान मागे पडलं. त्यांनी नळ भरले, बाकडी भरली, न्हाव्याच्या दारातला पिंपरणीचा वठलेला बुंधाही भरला. मग आपल्या दारातल्या रस्त्याकडे वळले. तिथे नकाशाने विचारलं, की हा रस्ता कुठल्या दर्जाचा? मुख्य, दुय्यम, वस्तीतला की पायवाट?

घड्याळजींनी खिडकीतून खाली पाहिलं. एक सायकल आणि एक म्हातारा समोरासमोर आले होते आणि दोघांपैकी मागे कोणी जायचं, याची बोलणी चालली होती. त्यांनी 'पायवाट' लिहिलं. नावाच्या रकान्यात 'बोळ' लिहिलं आणि समाधानाने झोपले.

हे सरांना कळलं ते एका शिकाऊ बाईंकडून. "सर, तुमच्या क्लासचा पत्ता पायवाटेवर दाखवतोय. मग गाडी कुठे शिकवता?"

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तसेच खिडकीत आले.

"घड्याळजी! बोळात राहतो म्हणून मी बोळ्याने दूध पितो असं समजू नका!"

"सर, जे जमिनीवर आहे तेच नकाशात लिहायचं असतं. नियम आहे."

"जमिनीवर मी आहे!" सर म्हणाले आणि त्यांनी खिडकी आपटली. ती समोरच्या खिडकीला लागली.

त्याच दिवशी 'सारथी' नावाचा एक नवा सभासद नकाशात उगवला. त्याने बोळाचा 'दुय्यम रस्ता' केला, दुतर्फा वाहतूक लिहिली, आणि नाव दिलं 'सर मार्ग'. घड्याळजींनी तो परत पायवाटेवर आणला. जेवण होईपर्यंत त्याचा 'मुख्य रस्ता' झाला होता.

"अगं, तुझ्याकडे काय आहे आत्ता?" धाकटीने खिडकीतून विचारलं.

"आत्ता मुख्य आहे. पण हे आंघोळीला गेलेत, म्हणजे तुझ्याकडून पायवाट येईल."

शेवटी नकाशावर देखरेख करणाऱ्या, 'मुंगी' या टोपणनावाच्या बाईंनी मध्यस्थी केली. त्यांनी दोघांना लिहिलं, की भांडू नका, एकत्र जाऊन रुंदी मोजा. तोवर कुणीही रस्त्याला हात लावायचा नाही. त्या घटकेला रस्ता नेमका 'मुख्य' होता, आणि तसाच राहिला.

मोजणीला दोघे उतरले. सरांनी एका भिंतीला पाठ लावून फितीचं टोक धरलं, घड्याळजींनी दुसऱ्या भिंतीला. दोघांची पोटं मध्ये एकमेकांना टेकली.

"पोट आत घ्या, सर. फीत वाकतेय."

"माझं पोट आतच आहे. रस्ता मोजा."

"तुम्ही फीत ताणताय!"

"ताणत नाही. रस्ताच ऐसपैस आहे."

एवढ्यात बोळाच्या तोंडाशी हॉर्न वाजला. दोघांनी माना वळवल्या. एक लॉरी आत शिरत होती, आणि लॉरीवर एक होडी होती. चांगली मोठी, निळ्या रंगाची, नवीकोरी होडी.

"थांबा!" घड्याळजी ओरडले.

"येऊ द्या!" सर ओरडले. "मुख्य रस्ता आहे!"

ड्रायव्हरने दुसरं ऐकलं. साडूंनी पाठीमागे धूम ठोकली, अर्थात एकामागे एक, कारण शेजारी शेजारी पळायला जागा नव्हती. दोन घरांच्या मधोमध एक जुना खड्डा होता. त्यात चाकं गेली, होडी खाली दबली आणि तळमजल्याच्या छज्ज्यांखालून अलगद पुढे सरकली. चाकं खड्ड्यातून वर आली, तशी होडीही वर उसळली आणि दोन्हीकडच्या छज्ज्यांखाली गच्च बसली. बुचासारखी.

दार उघडेना म्हणून ड्रायव्हर काचेतून बाहेर आला. "फोनमधली बाई म्हणाली, मुख्य रस्त्याने सरळ जा. तळं या बाजूला आहे म्हणे."

घड्याळजींनी सरांकडे पाहिलं. सरांनी आकाशाकडे पाहिलं, पण आकाशाच्या जागी होडीचा तळ होता.

"गाडी मी काढतो," सर म्हणाले. "मागे घेणं हा माझ्या क्लासचा तिसरा धडा आहे."

त्यांनी गाडी मागे घेतली. छज्जे करकरले, होडी तसूभरही हलली नाही. त्यांनी पुढे घेतली. छज्ज्याचा एक टवका घड्याळजींच्या टकलावर पडला.

"तिसरा धडा झाला," घड्याळजी डोकं चोळत म्हणाले. "चौथा कुठला?"

वर मात्र वेगळंच चाललं होतं. होडीचा काठ दोन्ही स्वयंपाकघरांखालच्या छज्ज्यांना लागला होता. थोरली खिडकीतून छज्ज्यावर आणि छज्ज्यावरून होडीत उतरली. धाकटी दुसऱ्या बाजूने आली. दोघी फळीवर मांडीला मांडी लावून बसल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्यामध्ये रस्ता नव्हता. ड्रायव्हरलाही त्यांनी वर बोलावून चहा दिला. संध्याकाळपर्यंत आजूबाजूच्या चार बायका भाजी निवडायला होडीत येऊन बसल्या. एका काकूंनी उशी आणली. शिंपीणबाईंनी शिवणयंत्र चढवलं.

त्याच वेळी खाली घड्याळजी चाकाजवळ उकिडवे बसून, डोळ्याला भिंग लावून लॉरीची स्प्रिंग न्याहाळत होते. शिंपीणबाईंचं यंत्र चढलं, तशी स्प्रिंग किंचित वाकली आणि होडी व छज्जा यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक रेघ दिसली.

"सर!" ते ओरडले. "वजन वाढवा! होडी दबतेय!"

वजन वाढवणं म्हणजे माणसं जमवणं, आणि माणसांवर ओरडण्यात सरांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी क्लासचे सगळे शिकाऊ बोलावले. गल्लीतली माणसं खिडक्यांतून होडीत उतरली. न्हावी आला, त्याच्याबरोबर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आलं. ज्या काकू जिना उतरत नाहीत म्हणून प्रसिद्ध होत्या, त्या खुर्चीसकट आल्या. होडी दबत गेली, दबत गेली, पण अजून बोटभर अडत होती.

"आता तुम्हीच राहिलात, सर," घड्याळजी खालून म्हणाले.

"मी काही इतका जड नाही."

"भावोजी, या हो लवकर!" धाकटी म्हणाली. "तुमच्यावरच सगळी भिस्त आहे."

सर चढले. लॉरीने एक लांब उसासा सोडला आणि होडी छज्ज्यांखालून मोकळी झाली. मग ड्रायव्हरने गाडी मागे घेतली आणि सगळी गल्ली होडीत बसून, हात हलवत, उलटी उलटी मोठ्या रस्त्याकडे निघाली. सर टोकावर उभे राहून "डावीकडे! डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे!" असं ओरडत होते आणि लॉरीमागे घड्याळजी हात पसरून, लोकांना बाजूला करत चालले होते. मोठ्या रस्त्यावर आल्यावर कुणी उतरेचना. ड्रायव्हरने हात जोडले, तेव्हा कुठे होडी रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी दोघे साडू शेजारी बसून मुंगीबाईंना लिहायला लागले. सरांनी दुतर्फा वाहतूक मागे घेतली. घड्याळजींनी पायवाट मागे घेतली. "लॉरी आत शिरली हे खरंच आहे," ते म्हणाले. "वस्तीतला रस्ता म्हणू या. पुढे 'अरुंद' लिहू."

"अरुंद नको. 'आटोपशीर' लिहा."

"तसा रकाना नाही, सर."

नावाचा प्रश्न मात्र त्यांच्या हातात राहिला नव्हता. कुणीतरी आधीच 'होडी गल्ली' लिहून टाकलं होतं, आणि गल्लीतला जो तो तेच म्हणत होता. सरांची शिकाऊ बाईसुद्धा फोनवर सांगत होती, "होडी गल्लीत आहे, येते." लोकांच्या तोंडी जे नाव, तेच नकाशात, असं मुंगीबाईंनी कळवलं. 'सर मार्ग' गेला. सर दोन घास कमी जेवले.

"नाही तरी सर हे काही खरं नाव नाही," थोरली त्यांची समजूत घालत म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सर खिडकीत आले. घड्याळजी समोर दात घासत होते.

"घड्याळजी, न्हाव्याच्या पलीकडची ती गल्ली बघितलीत? नकाशात दुय्यम रस्ता म्हणून मिरवतेय."

घड्याळजींच्या तोंडातला ब्रश थांबला. "ती? दुय्यम?"

"आपली वस्तीतली, आणि ती दुय्यम! होडी सोडा, तिच्यात पाटसुद्धा अडकेल."

"फीत घेऊन येतो," घड्याळजी म्हणाले, आणि तोंड न धुताच जिन्याकडे धावले.