लिओ सोबेकची मिशी

"मिशी होती, डोरीन! पन्नास वर्षांची मिशी होती ती!"

हेकर्टनं फोटो टेबलावर आपटला. डोरीननं आधी फोटोकडे पाहिलं, मग समोर निजवलेल्या लिओ सोबेकच्या मृतदेहाकडे. तीन आठवडे दवाखान्यात पडलेल्या माणसाची दाढी वाढणारच, असं समजून तिनं सगळंच सफाचट केलं होतं. वरच्या ओठावरून नाकापर्यंत गेलेला जुना, वेडावाकडा व्रण उघडा पडला, तेव्हाही तिच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

घरच्यांना विचारल्याशिवाय वस्तऱ्याला हात लावायचा नाही, हा अंत्यसंस्काराचं काम शिकवणाऱ्या कॉलेजातला पहिल्या आठवड्याचा धडा. एकावन्नाव्या वर्षी विशीतल्या पोरापोरींच्या शेजारी बसून तिनं तो वहीत दोनदा अधोरेखित केला होता. पण इतक्या सकाळी लिओच्या म्हाताऱ्या बायकोला कशाला उठवायचं, म्हणून तिनं फोनच केला नाही. चांगुलपणा नडला, दुसरं काय!

"शाळेच्या स्वयंपाकघरात चुकलं तर सूप पुन्हा करता येतं," हेकर्ट म्हणाला. तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण या अंत्यसंस्कारगृहाचा मालक तो, आणि तिच्या प्रात्यक्षिकाचा परीक्षकही तोच. "इथं नाही. मेण घ्या, त्यांच्याच मानेमागचे केस घ्या, मिशी उभी करा. आणि तोंडातून अवाक्षर काढू नका. सोबेकबाईंना कळलं तर मला अहवालात लिहावं लागेल. मग परवाना विसरा."

पोरांचं वर्ष गेलं तर वर्षच जातं. हिचं सगळंच गेलं असतं. आई गेली तेव्हा इथल्याच एका बाईनं आईचा भांग अगदी आई स्वतः पाडायची तसा पाडला होता. तो पाहून डोरीननं शाळेच्या स्वयंपाकघरातली सव्वीस वर्षांची नोकरी सोडली होती.

चिमट्यानं एकेक केस मेणात रोवायला तीन तास लागले. मान आखडली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पण फोटो शेजारी धरला, तर तोच लिओ!

तीन वाजता लिओच्या पत्नी विल्मा सोबेक आल्या. अंत्यदर्शनाला लोक चारला येणार होते. हेकर्ट दारात उभा राहिला.

"अगदी तोच आहे गं," विल्माबाई म्हणाल्या. "किती छान केलंस." आणि शवपेटीच्या कडेला धरून त्या त्याच्या ओठांवर वाकल्या.

"थांबा!" डोरीन म्हणाली.

हेकर्टनं नकाराची मान हलवली. डोरीनला ती दिसली.

"सोबेकबाई, ती मिशी मेणाची आहे. खरी मी चुकून काढली. तुम्हाला विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

विल्माबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे मिशीखालचा ओठ... तू पाहिलास?"

"हो."

"जन्मतःच फाटलेला होता. चव्वेचाळीस वर्षांचा संसार आमचा, पण मला नाही दाखवला त्यानं. दाढीसुद्धा दार लावून करायचा. आणि तू पाहिलास."

डोरीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काढ ते," विल्माबाई म्हणाल्या.

डोरीननं मेण सोडवलं. केस विस्कटून पांढऱ्या रुमालावर पडले. विल्माबाईंनी व्रणावरून अंगठा फिरवला आणि वाकून तिथंच ओठ टेकले.

"एवढंच होतं होय रे, वेड्या," त्या पुटपुटल्या. मग ताठ झाल्या. "आता पुन्हा लाव. लोकांनी बघायचं नाही."

"चार वाजता लोक..." हेकर्ट म्हणाला.

"थांबतील. कुठं जायचंय त्यांना?"

हेकर्टनं खिशातून अहवाल काढला, उभ्याउभ्याच डोरीनच्या चुकीबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि कागद पुढे केला. डोरीननं तो वाचला. मेणाळलेल्या बोटांनी खाली सही केली.

मग तिनं चिमटा उचलला. विल्माबाईंनी खुर्ची जवळ ओढली, रुमाल मांडीवर घेतला आणि त्यावरचा एकेक केस त्या तिच्या हातात देऊ लागल्या.