दुसरी प्रत गायधनींच्या घरी

"ही ओळ काढून टाका ना, गायधनी साहेब," मी तिसऱ्यांदा म्हणाले.

"कोणती?"

"पान अकरा. 'दुसरी प्रत: चिंतामण गायधनी यांच्या घरी, देवघराखालच्या कपाटात, डावीकडे.' कंपनीच्या कागदावर देवघर कुठे लिहितात का?"

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "तेजश्री, उद्या सर्व्हर जळाला आणि मी त्र्यंबकला गेलेलो असलो, तर येणारा माणूस डिस्क शोधणार कुठे? कपाटातच ना? मग तसंच लिहायला हवं."

अंबडच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे रबरी भाग बनतात. परदेशातल्या मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं होतं, की तुमचे कॉम्प्युटर एकाएकी बंद पडले तर काम किती तासांत आणि कसं सुरू कराल, त्याचा लेखी प्लॅन द्या, नाहीतर पुढच्या ऑर्डरी विसरा. तो लिहायचं काम गायधनींकडे आलं, कारण कॉम्प्युटर विभाग म्हणजे सव्वीस वर्षं तेच एकटे. मी एचआरमध्ये, टायपिंग बरं म्हणून मदतीला बसवलेली.

माणूस इतका खरा, की चीड यावी. एका रविवारी त्यांनी मुद्दाम सगळी यंत्रणा बंद केली आणि घरच्या डिस्कवरून पुन्हा उभी करून पाहिली. सहा तास चाळीस मिनिटं लागली. मालक रविराज म्हणाले, "काका, चार तास लिहा, वाचायला बरं वाटतं." यांनी सहा चाळीसच लिहिलं. रविराज तेव्हा नुसते हसले.

घरच्या डिस्कचं असं होतं. अकरा वर्षांपूर्वी पॅनेल रूमला आग लागली. सर्व्हर जळाला, आणि शेजारच्या कपाटातली बॅकअपची डिस्कही जळाली. दीड महिना आम्ही जुने कागद चाळत डोकं धरून बसलो होतो. तेव्हा रविराजांचे वडील, आमचे मोठे साहेब, माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले होते, "चिंतामण, यापुढे एक डिस्क तुझ्या घरी. दर शनिवारी बदलायची. तुझ्या घराइतकी खात्रीची जागा मला दुसरी माहीत नाही." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मोठे साहेब आता नाहीत.

तेव्हापासून दर शनिवारी एक डिस्क डब्याच्या पिशवीत, त्यांच्या बायकोच्या, इंदिराकाकूंच्या, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून घरी जायची आणि आधीची परत यायची. गेटवरचे कोंडाजीमामा पिशवीत डोकावून म्हणायचे, "चालली का सायेब लक्षुमी घरला?" गेटपास कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही. तीन वर्षांपूर्वी व्हायरसने आमच्या सगळ्या फायलींना कुलूप घातलं, तेव्हा याच डिस्कने कारखाना वाचवला. रविराजांनी पेढे वाटले होते.

तर प्लॅन तपासायला पुण्याहून धवल नावाचा सल्लागार आला. तिशीच्या आतला, हुशार, बोलायला गोड. पान अकराशी तो थांबला.

"हे खरं आहे?" त्याने विचारलं.

"बाकी पानंही खरीच आहेत," गायधनी म्हणाले.

"सर, कंपनीचा डेटा एम्प्लॉयीच्या घरी? याला डेटाचोरी म्हणतात. मला रिपोर्टमध्ये लिहावंच लागेल."

गायधनींना आधी वाटलं, तो गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. रिपोर्ट गिऱ्हाइकाकडे गेला आणि गिऱ्हाइकाने विचारलं, तुम्ही काय कारवाई केली? कारवाई म्हटलं की माणूस लागतो. डिस्क गायधनींनी स्वतःच आणून जमा केली आणि शुक्रवारी चौकशी ठरली.

त्या सकाळी कोंडाजीमामांचा जबाब घ्यायचं काम माझ्याकडे होतं. ते खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी हातात.

"ताई, मला दोन वरसं राह्यली. मी डिस्क बघत व्हतो आसं लिवलं तर मलाबी घालवतील ना?"

"घालवतील," मी म्हणाले. खोटं कशाला सांगू?

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, "मंग लिवा. सायेब लपवून न्यायचे. मला कदी दिसली नाय."

मी तसं टाइप केलं. त्यांनी सही केली आणि गेटवर गेले.

दुपारी रविराजांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. रविराज, धवल, गायधनी, आणि टायपिंगला मी.

"मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं," गायधनी म्हणाले.

"लेखी आहे का काही?" रविराजांनी विचारलं.

"नाही."

"काका, तुमच्याच प्लॅनच्या पहिल्या पानावर आहे. तोंडी सूचना धरायची नाही, सगळं लेखी हवं."

गायधनींनी मान हलवली. वाक्य त्यांचंच होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे बघत बसले. मला नोकरी टिकवायची होती, एवढंच त्याचं कारण. दुसरं एखादं बरं कारण मी नंतर पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

रविराजांनी कोंडाजीमामांचा जबाब पुढे सरकवला. गायधनींनी तो दोनदा वाचला. त्यांचे कान लाल झाले. आता हे उठतील, ओरडतील, असं मला वाटलं. खरं तर तशी आशाच वाटली.

"तेजश्री, हे ते स्वतःहून बोलले की बोलायला लावलं?"

"स्वतःहून," मी म्हणाले.

"यावर तारीख नाही. घाल, नाहीतर उद्या कुणीतरी त्यांनाच त्रास देईल." मग रविराजांकडे वळून म्हणाले, "मी हे खोटं म्हटलं, तर त्यांचं काय होईल?"

"मग दोघांनाही जावं लागेल, काका."

गायधनींनी माझ्याकडून पेन घेतलं आणि जबाबाखाली लिहिलं, 'कोंडाजींचे म्हणणे बरोबर आहे. डिस्क मी लपवून नेत होतो.' खाली सही केली आणि तारीख घातली. साठ पानांच्या प्लॅनमध्ये ज्या माणसाने एक मिनिटही कमी लिहिलं नाही, त्याने माझ्यासमोर दोन ओळींत स्वतःला चोर ठरवलं. रविराज खिडकीबाहेर बघत होते. मोठे साहेब काय बोलले होते हे त्यांनाही ठाऊक असणार, असं मला आजही वाटतं.

"प्लॅन मात्र चांगला लिहिलाय," धवल म्हणाला. "पान अकरा सोडून तसाच ठेवू."

"हो. तयार करणाऱ्याचं नाव तेवढं बदला," रविराज मला म्हणाले.

मी बदललं. गायधनी खोलीतून बाहेर पडायच्या आतच बदललं.

चार वाजता ते निघाले. जाणाऱ्याची पिशवी तपासायची, असा हुकूम सकाळीच गेटवर गेला होता. मी वरच्या मजल्यावरून बघत होते. कोंडाजीमामा गेटवरच्या केबिनमधून बाहेर आले, पण पिशवीला हात लावेनात. गायधनींनी स्वतःच डबा काढून टेबलावर ठेवला. तिन्ही पुडं उघडून दाखवली. पिशवी उलटी करून झटकली. कोंडाजीमामा तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिले.

मग गायधनींनी टेबलावरचं नवीन रजिस्टर ओढून घेतलं, सावकाश काहीतरी लिहिलं आणि पेन कोंडाजीमामांच्या हातात दिलं. सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. मामांची सही होईपर्यंत त्यांनी रजिस्टर घट्ट धरून ठेवलं.

संध्याकाळी घरी जाताना मी ते पान पाहिलं. रजिस्टरमधली ती पहिलीच नोंद होती: 'चिंतामण गायधनी. पिशवी नीट तपासली. काही मिळाले नाही.'