गार कपाटातली अक्कल

"अहो, ती खिडकी लावा, नाहीतर तुम्हाला बाहेर ठेवून लावते," असं बायको म्हणाली, तेव्हा माशीमामा खिडकीत ओला पडदा टांगण्यात गर्क होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत पंखा गरगरतोय, आणि पलंगावर त्यांची गरोदर लेक दोन स्वेटर घालून बसलेली. ती शिंकली की मामा समाधानानं मान हलवत, जणू औषध लागू पडतंय.

मामांची नोकरी कीटकांच्या प्रयोगशाळेत. फळमाश्यांसाठी मक्याच्या पिठाची खळ शिजवायची, नळ्यांत ओतायची, नळ्या धुवायच्या. "लोक बसून माश्या मारतात, आमचे हे पगार घेऊन पाळतात," असं मामी चारचौघांत सांगायच्या.

तर झालं असं, की तिथल्या मॅडमनी माश्यांचे काही कोष उबदार कपाटात वाढवले आणि काही गार कपाटात. गारव्यातल्या माश्या सावकाश वाढल्या, आणि त्यांच्या मेंदूतल्या पेशींनी एकमेकींशी जास्त धागे जोडले. मामांनी एवढं ऐकलं आणि पुढचं ऐकायला न थांबता घराचं गार कपाट करून टाकलं. नातवंड हुशार निपजणार म्हणजे निपजणार!

लेकीनं दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी नाक लालबुंद, आवाज घोगरा आणि बॅग भरलेली. उद्या नवऱ्याकडे परत जाते, म्हणाली, तिथे निदान माणसांत ठेवतात.

लेक गेली तर बाळाच्या डोक्याचं काय? मामा तडक मॅडमकडे गेले आणि लेकीला थोडे दिवस गार कपाटाच्या खोलीत बसवता येईल का, असं विचारून मोकळे झाले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मामांना खुर्ची दिली, तेव्हाच मामांना शंका आली.

"मामा, माशीच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. हवा गार, की कोष गार," त्या म्हणाल्या. "बाळाचं तसं नाही. बाहेर बर्फ पडो, आईच्या पोटात ऊब तेवढीच. आणि धागे वाढले म्हणून माशी हुशार होते असंही नाही. वागते जरा वेगळी, एवढंच."

मामा तसेच घरी आले. खिडकी लावली, पंखा बंद केला. मामींनी डोळे विस्फारले. लेकीनं मात्र फुरंगटूनच विचारलं, की हे खूळ आलं तरी कुठून.

मामा पडद्याची घडी घालत राहिले. "मी भर उन्हाळ्यातला, चुलीशेजारी जन्मलेला. शाळेत सगळे मठ्ठ म्हणायचे. म्हटलं, पोराला तरी ते ऐकायला लागू नये."

मामी पाणी गरम करायला आत गेल्या.

"तुमच्यासारखं झालं तरी चालेल मला," लेक नाक पुसत म्हणाली. "फक्त त्याला पंख्याचं बटण शिकवू नका."

तिनं पायानं बॅग पलंगाखाली सरकवली, मामांचा हात ओढून पोटावर ठेवला आणि दचकलीच. ओल्या पडद्यानं हात बर्फ झाले होते. मामांनी चटकन हात मागे घेतला. तळवे एकमेकांवर घासले, फुंकर मारली, पुन्हा घासले. लेक स्वेटर वर धरून वाट बघत बसली.