आपल्याच गाडीतून

उद्या रत्नप्रभाचा दहावा होता, होशंगाबादला नर्मदेवर. आणि आज सकाळी मी क्वार्टरच्या अंगणात अ‍ॅम्बेसेडरखाली आडवा झालो होतो.

"काशिनाथ, बाहेर ये!" शकुंतलाअक्का ओरडली. माझी थोरली बहीण, नागपूरहून आलेली. "बायको जाऊन आज नववा दिवस आणि हा सुतकात ग्रीसमध्ये लोळतोय. अख्खी टाउनशिप बघतेय."

"बघू दे."

"अरे, तुझ्या विनायकनं सुमो ठरवलीय ना?"

"सुमो तुमच्यासाठी. अस्थी आमच्या गाडीतून जाणार."

गाडीच्या प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणाऱ्या दांड्याचे, दोन्ही टोकांचे क्रॉस झिजले होते. गिअर टाकला की खालून टक् आवाज यायचा. तीन महिने रत्नप्रभा म्हणत होती, बदला. मी कारखान्यात तीस वर्षं फिटर. घरी म्हणायचो, रविवारी बघू. मग तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा शेजाऱ्यांची व्हॅन मागावी लागली. व्हॅनमध्ये चढताना ती म्हणाली, "परत आणताना तरी आपली गाडी आणा." ती परत आली ती शववाहिकेतून. यावर मला जास्त लिहायचं नाही.

शाफ्ट उतरवला. क्रॉस म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा. चार टोकांना चार टोप्या, टोपीत सुयांसारखे बारीक रोलर. जुन्या टोप्यांत नुसता लाल गंज निघाला. एक नवा क्रॉस नीट बसला. दुसऱ्याच्या शेवटच्या टोपीचं लॉक, टोपी जागेवर धरणारी कडी, खाचेत जाईना. मी हातोडा घेतला, दोन ठोके घातले आणि थांबलो. लॉक जात नसेल तर आत सुई आडवी पडलेली असते, ठोकायचं नाही, हे मीच नव्या फिटरांना शिकवायचो. टोपी काढली. सुई आडवी होती आणि माझ्या ठोक्यांनी वाकली होती. क्रॉस वाया गेला.

विनायक जवळच उभा होता. "बाबा, दोन वाजले. सोडा आता."

"स्कूटर काढ. दुसरा क्रॉस घेऊन ये."

"आईला आता काय फरक पडतो?"

"मला पडतो. किल्ली खुंटीला आहे."

तो रागानं गेला, पण क्रॉस आणला. या वेळी सुया ग्रीसमध्ये चिकटवून एकेक मोजल्या. संध्याकाळी बिट्टन मार्केटपर्यंत फेरी मारली. आवाज गेला होता.

सकाळी अक्का पुढच्या सीटवर बसायला निघाली.

"अक्का, मागे."

"माझे गुडघे दुखतात रे."

"मग सुमोत बस. इथे ती बसणार."

मी अस्थींचा कलश पुढच्या सीटवर ठेवला, तिच्या साडीच्या घडीत नीट टेकवून. अक्का पुटपुटत मागे बसली. "वेडा झालायस," म्हणाली, पण उतरली नाही.

विनायक सुमोतून वाकून म्हणाला, "मी पुढे राहतो. वाटेत काही झालं तर..."

"मागे राहा. मला ओलांडायचं नाही."

मी गाडी चाळीसनं चालवली. मागून त्यानं दोनदा हॉर्न दिला. दिला तर दिला.