तळ्याखालची निळी खोली

"काय व लबाड अल्के, कधी आली नागपूरवरून?" ओमेश्वरनं स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं. आपल्या झेरॉक्सच्या दुकानात बसून तो कुणाचा तरी ऑनलाइन फॉर्म भरत होता. बाकड्यावर टिकाराम आपल्या आधार कार्डाची झेरॉक्स निघायची वाट पाहत बसला होता.

सौंदडमध्ये मला नुसतं अल्का म्हणते ती फक्त माझी आई. मी बीएस्सीला पहिल्या वर्गात आले तेव्हाही गावात एकच वाक्य फिरलं: लबाड अल्की, कॉपी केली असंन.

हे नाव मला दोन हजार एकमध्ये पडलं. तेव्हा गावात कॉम्प्युटर एकच होता, ओमेश्वरच्या घरी. त्यावर आम्ही इजिप्तचा गेम पाहायचो. देवळं, वाळू, कुत्र्याच्या तोंडाचे राक्षस, आणि पडद्याच्या खाली आपलीच बंदूक. खुर्चीवर ओमेश्वर, पलंगावर टिकाराम आणि बाकीची पोरं, मी दाराशी. "तिथूनच पाह्य," त्याची आई म्हणायची. का, हे बौद्धवाड्यातल्या मुलीला विचारावं लागत नसे.

एका सुट्टीत नागपूरच्या मामाकडे मी तोच गेम स्वतः खेळले. परत येऊन दारातून सांगितलं, "मुखवटा भेटला की पहिल्या देवळात वापस जा. त्यानं पाण्यात श्वास घेता येते. तळ्याच्या तळाशी दार आहे, आत रिकामी खोली."

"समोर जायचं सोडून मागं कोण जाते?" ओमेश्वर म्हणाला. तरी गेला. तळाशी दगड होता, दार नव्हतं. सगळे हसले. ओमेश्वर वळून म्हणाला, "लबाड." टिकारामनं पुढं अल्की जोडलं.

आता मी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. "इजिप्तवाला गेम आहे यात. पूर्ण. दार दाखवतो तुले."

ओमेश्वर हसला. "मालूम आहे मले. आपल्या सीडीतला गेम कापलेला होता. एका सीडीत चाळीस गेम कोंबले होते त्यायनं. इंजिनिअरिंगले होतो तवा होस्टेलमधे पायलं मी. दार आहे."

म्हणजे सहा-सात वर्षं त्याला हे माहीत होतं.

"मंग काऊन नाही सांगितलं?"

"अवं, गेम होता तो. त्यात सांगायचं काय?"

"आता सांग. टिकारामले सांग."

ओमेश्वरनं खांदे उडवले. "टिक्या, अल्की खरं सांगत होती बे."

"कायचं?" टिकारामनं विचारलं.

"तिचं नाव लबाड कायनं पडलं?" ओमेश्वरनं विचारलं.

टिकारामनं थोडा विचार केला. "काय मालूम. पहिलेपासूनच आहे ना."

बारा वर्षं मी पुरावा शोधत होते आणि यांना आरोपच आठवत नव्हता. नाव मात्र तोंडपाठ होतं.

"ऊठ," मी ओमेश्वरला म्हटलं.

"फॉर्म अर्धा आहे, अल्का."

"अर्धा राहू दे. ऊठ खुर्चीवरून."

तो उठला. मी बसले, गेम सुरू केला. मुखवटा आधीच मिळवून गेम सेव्ह करून ठेवला होता. पहिल्या देवळात परत गेले. वाटेतले दोन राक्षस गरजेपेक्षा जास्त गोळ्या घालून मारले. तळ्यात उडी घेतली. तळाशी दार होतं. ते सरकलं.

आत एक छोटी खोली, निळ्या भिंती, बाकी काही नाही.

टिकाराम मागून वाकला. "अन् खजिना?"

"नाही. रिकामी आहे खोली. तवाही मी हेच सांगितलं होतं, दारात उभं राहून. लबाड माणसानं खजिना सांगितला असता, टिकाराम. रिकामी खोली कोण कायले सांगंन?"

टिकाराम परत बाकड्यावर जाऊन बसला.

"माही झेरॉक्स होते का आज?" शेवटी त्यानं ओमेश्वरला विचारलं.

"अल्काले विचार," ओमेश्वर म्हणाला. "खुर्ची तिच्यापाशी आहे."

मी उठले नाही. खेळ अजून बराच बाकी होता.