बिघडवलेला आवाज

"बाई, हिला सर्दी झालीय," असं म्हणत त्या माणसानं लाकडी डबी माझ्या काउंटरवर आपटली.

मी डबी हातात घेतली आणि झाकण तिच्या कडेवरून ओढलं. डबीतून टर्कीची मादी बोलली. अगदी भरल्या गळ्यानं, जवळच्या झुडपात बसल्यासारखी. एक हाक, दोन, तीन. चौथ्या हाकेला मात्र जुन्या दाराची बिजागरी करकरावी तसं काहीतरी मध्येच वाजलं.

"खडू लावलात का झाकणाला?" मी विचारलं. खडूशिवाय लाकूड लाकडावर नीट बोलत नाही.

"पोरवयापासून टर्की मारतोय मी. मला खडू लावायला शिकवताय होय?"

"विचारलेलं बरं. परवा एकानं पोरीचा गुलाबी खडू फासून आणली होती."

तो काही हसला नाही. "डोंगराच्या पलीकडून आलोय मी, केवळ एल्झी टीटरचं नाव ऐकून. त्या हॉबर्टला फसवलं ती डबी असलीच असेल, तर तो काय बहिरा होता का?"

यावर मी जे बोलले असते ते गिऱ्हाइकाला बोलायचं नसतं. मी डबी ठेवून घेतली आणि त्याला कारखान्यातली प्लास्टिकची दिली. तो गेला तसं दार मी जरा जोरातच लावलं.

ओढ्याच्या वळणावर माझं दुकान आहे. गुरांची पेंड, बियाणं, खिळे, काडतुसं, आणि खिडकीशेजारच्या फळीवर एल्झीच्या डब्या. अंगाला सीडरचं लाकूड, झाकणाला अक्रोडाचं. आतून इतक्या तासलेल्या की दिव्यापुढं धरल्या तर लाकडातून उजेड दिसावा. वसंतात नर टर्की मादीच्या हाकेला येतो, आणि आमच्या भागात ती हाक एल्झीच्या डबीसारखी दुसऱ्या कुणाची नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. इतक्या वर्षांत त्याची एक डबी परत आली नव्हती. आणि या वर्षी, शिकारीचा हंगाम अजून उघडलाही नव्हता, तर काउंटरखाली परत आलेल्यांचा ढीग पडला होता. त्या दिवशी दुकान बंद करून मी त्या पेंडीच्या रिकाम्या पोत्यात भरल्या आणि एल्झीचं घर गाठलं.

स्वयंपाकघरात नेवा होती, एल्झीची मुलगी. चुलीवर घेवडा शिजत होता आणि ती तव्यावर मक्याची भाकरी उलटत होती. नवरा गेल्यापासून ती बापाकडेच राहते.

"वर्नामावशी, पोत्यात काय आणलंस?"

"तुझ्या बापाची अब्रू," मी म्हणाले.

तिनं पोत्यात डोकावून पाहिलं आणि तोंड फिरवलं. "शेडमध्ये आहेत. त्यांना सांग, करायच्या तर नीट करा, नाहीतर डब्या करणंच बंद करा एकदाचं. मला तो आवाज ऐकवत नाही. चांगलाही नाही आणि वाईटही नाही."

तिचं बरोबरच होतं. तिचा नवरा डेन्व्हर गेल्या वसंतात हंगामाच्या पहिल्याच दिवशी गेला. पहाटे ओकच्या बुंध्याला पाठ लावून तो सासऱ्याच्या डबीवर मादीचा आवाज काढत बसला होता. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला हॉबर्ट प्रिंगल होता, शाळेची बस चालवणारा, अर्ध्या गावाच्या पोरांना नावानिशी ओळखणारा. आवाजाच्या दिशेनं जायचं नाही, बसून आवाजाला आपल्याकडे येऊ द्यायचं, हे आमच्याकडे बंदूक हातात देण्याआधी शिकवतात. हॉबर्टनंच कितीतरी पोरांना ते शिकवलं होतं. त्या दिवशी कशी बुद्धी फिरली कोण जाणे. मादी एवढी बोलते म्हणजे नर जवळच असणार, असं धरून तो रांगत गेला. झुडपामागं काहीतरी हललं. डेन्व्हरचा हात असावा, झाकणावरचा. हॉबर्टनं गोळी झाडली.

वनखात्याच्या माणसाला तो एकच वाक्य सांगत राहिला. "बायबलवर हात ठेवून सांगतो, ती मादी होती."

ते वाक्य आमच्या खोऱ्यातून बाहेर पडलं आणि मग त्याचं जे झालं त्याची मला अजून किळस येते. पानगळीपर्यंत ती एल्झीची कीर्ती झाली होती. माणूस फसला तिथं पक्ष्याची काय कथा! लांबलांबच्या राज्यांतून फोन यायला लागले. माणूस मेला त्या डबीवरून, आणि लोक विचारत, तसलीच मिळेल का?

शेडमध्ये एल्झी बाकावर वाकून बसला होता. मी पोतं त्याच्यापुढं रिकामं केलं. शाळेत एका बाकावर बसलेलो आम्ही, त्यामुळं प्रस्तावना करायची गरज नव्हती.

"हात थरथरायला लागलाय का तुझा?"

"नाही."

"मग कान गेले?"

"कान तुझ्यापेक्षा बरे आहेत. मघाशी गाडीचं दार तू दोनदा लावलंस. पहिल्यांदा बसलं नाही."

"मग हे काय आहे, एल्झी? लोक हसतात तुला. माझ्या दुकानात उभे राहून हसतात."

त्यानं एक डबी उचलली आणि आतल्या बाजूवरून माझं बोट फिरवलं. बोटाला एक बारीक चरा लागला.

"काचेच्या तुकड्यानं काढतो," तो म्हणाला.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

मी कपाळाला हात लावला. तो मात्र शांतपणे, लाकडाचा भुसा फुंकत बोलत राहिला.

"कोठारामागं येते ती म्हातारी मादी ऐकलीयस ना? आवाज कसा आहे तिचा?"

"फुटक्या घमेल्यासारखा."

"जिल्ह्याच्या मेळ्यात हाकांची स्पर्धा लागते, त्यात तिला उभी केली तर पहिल्या फेरीत घरी पाठवतील. आणि तिच्यामागं नर बघ किती फिरतात. गोड आवाज नराला लागत नाही, वर्ना. तो माणसाला लागतो. मी जन्मभर माणसांसाठी डब्या केल्या आणि समजत होतो की पक्ष्यांसाठी करतोय."

"बरं, मग?"

"मग असा आवाज हवा की नर येईल, पण ऐकणाऱ्या माणसाला कळेल की इथं माणूस बसलाय."

"कळतं का?"

"मला कळतं, पण मी केलीय. तुला कळेल, कारण तुला आता सांगितलं." त्यानं डबी खाली ठेवली. "ज्याला कळायला हवं असा एकच माणूस आहे. त्याला कळलं तर मी डब्या करीन, हसू दे कुणाला हसायचंय ते. त्याला नाही कळलं तर या शेवटच्या. मग मला लाकडाला हात लावायचा नाही."

नेवा दारात कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला समजलं नाही. "तो या घरात पाऊल टाकणार नाही," ती म्हणाली.

"घरात नाही गं बाळ. डोंगरावर," एल्झी म्हणाला.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी ती तशीच उभी होती.

हॉबर्टला आणायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. बस चालवणं त्यानं सोडलं होतं. चर्चला यायचा नाही. त्याच्या खिडक्यांचे पडदे दिवसाही ओढलेले असत. मी दार ठोठावलं, हाक मारली, शेवटी शिवी दिली तेव्हा त्यानं दार उघडलं. माणूस निम्मा झाला होता. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "मला तिकडं नेऊ नका, वर्नाताई."

"बंदूक नाही कुणाकडे. हंगाम उघडलेला नाही. नुसतं बसायचं आणि ऐकायचं."

"एल्झीकाका ओरडणार आहेत का माझ्यावर?"

"नाही रे."

"ओरडले असते तर बरं झालं असतं," तो म्हणाला आणि कोट शोधायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही कोठारामागच्या चढावर होतो. ती जागा वेगळी होती, ओकचं ते झाड पलीकडच्या धारेवर आहे. एल्झी आणि हॉबर्ट वर्षभरात पहिल्यांदा समोरासमोर आले. एल्झीनं मान हलवली. हॉबर्टनं टोपी काढली आणि ती हातात चुरगळत उभा राहिला.

बोलण्यानं पाखरं बिचकतात, म्हणून एल्झीनं खूण ठरवून दिली. माणूस वाटला तर हात वर, मादी वाटली तर हात गुडघ्यावर. तो समोरच्या आडव्या पडलेल्या झाडामागं गेला. तिथून त्याला आम्ही दिसत होतो, त्याचे हात मात्र आम्हाला दिसत नव्हते. मी हॉबर्टशेजारी ओल्या पाल्यावर बसले. त्याच्या श्वासाला जुन्या कॉफीचा वास येत होता.

पहिली डबी वाजली. एक, दोन, तीन आणि चौथ्याला ती करकर. हॉबर्टचा हात वर गेला. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीवर थापच मारणार होते. एल्झीनं दुसरी वाजवली, बारीक चऱ्याची. आधी सांगितलं नसतं तर तिच्यातली चूक माझ्याही लक्षात आली नसती. हॉबर्टचा हात वर. म्हातारा जिंकला, मी मनात म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग तिसरी वाजली. ती चऱ्याची नव्हतीच. ती जुन्यांपैकी होती, निर्दोष, जिच्यापुढं मी स्वतः फसले असते. तुलना करायला एल्झीनं ती आणली असणार. हॉबर्टचा हात पुन्हा वर गेला. एकदाही न अडखळता.

खालच्या गवतातून म्हाताऱ्या मादीनं उत्तर दिलं. तेच ते फुटकं घमेलं. ती खरीखुरी मादी होती, हाडामांसाची. हात वर.

एल्झीनं वाजवणं थांबवलं. सुतार पक्ष्यानं वाळक्या खोडावर टकटक केलं. हात वर. दूरवर ओढ्यात दगड घरंगळला. हात वर. मग झाडी हलली आणि नर बाहेर आला. पिसारा फुलवून, मान आत ओढून, पंखांची टोकं जमिनीला घासत तो एल्झीच्या आणि आमच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि त्याला बोलावणारी शोधू लागला. एल्झी म्हणाला होता ते निम्मं खरं ठरलं होतं.

"वर्नाताई," हॉबर्ट कुजबुजला, "माणूस आहे."

"अरे, नर आहे तो. पिसारा बघ त्याचा."

"दिसतंय मला. सगळं दिसतंय. पण ऐकू माणूसच येतो. रोज, सगळ्यातून. घरात नळ सोडला तरी." त्याचा हात वरच होता. "गोळी नका मारू कुणी."

"कोणी मारत नाही. कुणाकडे बंदूक नाही, हॉबर्ट."

"मारू नका म्हणावं त्यांना."

माझ्या बोलण्यानं नर दचकला आणि पिसारा मिटून झाडीत पळाला. तो गेल्यावर एल्झी आडव्या झाडामागून उठला. हात रिकामे होते. डब्या त्यानं तिथंच ठेवल्या होत्या, आणि त्या आणायला नंतर कोणी गेलं नाही. तो सावकाश चालत आला आणि दुखरे गुडघे टेकून हॉबर्टच्या समोर पाल्यात बसला.

"झालं," तो म्हणाला. "खाली घे आता."

हॉबर्टनं प्रयत्न केला. हात काही खाली येईना.

एल्झीनं आपल्या दोन्ही हातांनी तो हात धरला, हळूहळू खाली आणला आणि स्वतःच्या मांडीवर दाबून ठेवला. ऊन वर येईपर्यंत आम्ही तसेच बसून होतो, आणि त्यानं तो सोडला नाही.