सेलेमला वळण लावताना

रस्मिनीने माहेराहून टिकेल असं कधी काही आणलं नव्हतं. लग्नात माहेरच्या देवांचा निरोप घेतला आणि सासरच्या देवांना आपलं म्हटलं, बालीतल्या सगळ्याच बायका तसं करतात. पुढे वर डोंगरात बापाकडे गेली की येताना संत्री आणायची, कोबी आणायची, आणि घरातली माणसं दोन दिवसांत ते फस्त करायची. यंदा मात्र बापाची कुत्री व्यायली. त्यातलं एक काळंकुळकुळीत पिल्लू रस्मिनीच्या पायावर चढून झोपी गेलं, आणि तिने कोणालाही न विचारता ते टोपलीत घालून सासरी आणलं. नाव ठेवलं सेलेम, म्हणजे आपलं काळू.

आता हे सासर म्हणजे एका कुंपणात दोन भावांचं घर. थोरला सुदर्सा, तिचा दीर. बायको गेल्यापासून त्याची सगळी माया झुंजीच्या कोंबड्यांवर होती. धाकटा केर्ता, तिचा नवरा, माणूस गरीब आणि गोड, पण भावापुढे तोंड उघडायचं म्हणजे त्याला घाम फुटायचा. घरातला शब्द सुदर्साचा. रस्मिनी एवढी वर्षं त्या शब्दाच्या कडेकडेने वावरत आली होती आणि तिचं काही अडलं नव्हतं, म्हणजे निदान तिला तसं वाटायचं.

सेलेमने पहिल्याच दिवशी दिराच्या चपलेचा अंगठा खाल्ला. दुसऱ्या दिवशी नव्या चटईवर मुतला, आणि रस्मिनीने ती धुऊन वाळत घातली तर वाळत घातलेल्या चटईवर, तेही उडी मारून. पुसलं की पुन्हा त्याच जागी. रात्री रडायचा, दिवसा झोपायचा, आणि झोपून उठला की चावायचा. केर्ता एकदा हाताला फडकं गुंडाळून म्हणाला, "हे कुत्रं आणलंस की सुसर?"

नैवेद्याची तर वेगळीच कथा. सकाळी भात झाला की घरातलं माणूस जेवायच्या आधी पानाच्या तुकड्यांवर चिमूट चिमूट भात चुलीपाशी, पाण्यापाशी, दारापाशी ठेवायचा. वर फुलांच्या परड्या, उदबत्ती. उदबत्ती विझल्यावर तो भात कुत्र्यांनी खाल्ला तर कोणाची हरकत नसते, देवाचं घेऊन झालेलं असतं. विझायच्या आधी मात्र तोंड लावायचं नाही. सेलेमला हे शिकवायला रस्मिनीने जीव टाकला. शिकला, पण कसा शिकला? उदबत्ती पेटली की पंगतीला बसल्यासारखा परडीसमोर बसायचा, लाळ गाळायचा, आणि शेवटचा धूर विरला रे विरला की एका घासात परडी साफ, फुलांसकट.

"देवाला संकोच होत असेल," सुदर्सा म्हणाला. "आपण कधी समोर बसून कोणाचे घास मोजतो का?"

सगळ्यात अवघड होतं त्याला बोलावणं. नाव घेऊन हाक मारली की तो पळून जायचा, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. घरातलं प्रत्येक माणूस त्याचं नाव ओरडण्यासाठीच घ्यायचं. सेलेम म्हणजे शिवी, अशीच त्याची समजूत झाली असणार. शेवटी रस्मिनीने अक्कल लढवली. कढईवर उलथनं तीनदा वाजवायचं आणि तो आला की मूठभर भात घालायचा. चार दिवसांत असा पटाईत झाला की कुंपणाच्या कुठल्याही कोपऱ्यातून बाणासारखा यायचा. रस्मिनीने हे घरच्यांना दाखवलं, शेजारणींना दाखवलं, पाण्याला आलेल्या बायकांना थांबवून दाखवलं. तिला त्या पिल्लाचा असा अभिमान वाटायचा की कधीकधी स्वतःचंच हसू यायचं.

मग कोंबड्याचं प्रकरण झालं. सुदर्साचा लाल कोंबडा घंटेच्या आकाराच्या टोपलीखाली होता. सेलेमने टोपली उलथवली, कोंबडा बाहेर आला, आणि पुढच्या धावपळीत त्याची शेपटी सेलेमच्या तोंडात राहिली. ज्या कोंबड्याला सुदर्सा रोज मालिश करायचा, मक्याचे दाणे निवडून घालायचा, तो मागून पार बोडका होऊन भिंतीवर बसला.

सुदर्सा ओरडला नाही. जेवण झाल्यावर, हात धुताना म्हणाला, "न्येपी झाली की दुसऱ्या दिवशी कोबीचा टेम्पो रिकामा वर जातो. त्यात घालून द्या त्याला. ज्याचा त्याच्याकडे बरा."

केर्ताने मान डोलावली. रस्मिनी उष्टी भांडी उचलून घासायला गेली. तिने ती इतकी घासली की एका ताटाची नक्षी फिकट झाली.

न्येपीला, म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या मौनाच्या दिवसाला, अजून पंधरवडा होता. तिने मनाशी ठरवलं, तोवर याला असं वळण लावायचं की दिराला नाव ठेवायला जागा उरू नये. आणि खरंच, पोर सुधारलं. मुतायला केळीच्या बुंध्याशी जायला लागलं. टोपल्यांच्या आसपास फिरकेना. रस्मिनी रोज दिराच्या तोंडाकडे बघायची, पण त्या तोंडावरून काही कळायचं नाही.

न्येपीच्या आदल्या संध्याकाळी भुतांना हाकलायचं असतं. त्यासाठी सगळ्या गावाने, प्रत्येक घराने, हाताला लागेल ते वाजवायचं. सांज झाली, केर्ताने मशाल पेटवली, आणि रस्मिनीने नेहमीसारखी कढई आणि उलथनं घेऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. सेलेम बाणासारखा आला, समोर बसला, भाताची वाट बघू लागला. तेवढ्यात शेजारच्या घरी कढई वाजली. त्याने कान टवकारले. मग पलीकडच्या घरी. मग सगळ्या गल्लीत.

रस्मिनीच्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. हातातलं उलथनं तसंच राहिलं आणि सेलेम कुंपणाच्या दारातून बाहेर.

ती मागे धावली. रस्त्यावर माणसांचा समुद्र, खांद्यांवर राक्षसांचे मोठाले पुतळे, ढोल, मशाली, आणि वरून घराघरातून कढया. ओळखीच्या बाया हसून सांगत होत्या, "तुझा काळू आमच्याकडे जेवायला आला होता गं." "आमच्याकडेही येऊन बसला, दिलं नाही तर पुढे गेला." पुढे गेला, आणखी पुढे गेला, गावाच्या खालच्या टोकाला गेला, आणि तिथून पुढे कोणालाच दिसला नाही. ती शेताच्या बांधापर्यंत जाऊन आली. शेवटी केर्ताने तिच्या दंडाला धरून तिला घरी आणलं, कारण न्येपी लागायच्या आत घरात असायला हवं.

न्येपीला चूल नाही, दिवा नाही, काम नाही, आणि कोणीही घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. रस्त्यावर फिरतात ते फक्त गावचे पहारेकरी, आणि यंदा त्यांत सुदर्सा होता. तांबडं फुटायच्या आधी तो कमरेला काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र गुंडाळत होता, तेव्हा रस्मिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ब्ली," दिराला ती अशीच दादा म्हणायची, "सेलेम परत आला नाही."

"माहीत आहे."

"कुठे दिसला तर..."

"मी माणसं बघायला चाललोय, कुत्री बघायला नाही." त्याने गाठ आवळली. "आणि दिसला तरी हाक कशी मारू? आज मीच गोंगाट करू? भांडी वाजवून बोलवायला शिकवलंस. सगळं गाव भांडी वाजवायला लागल्यावर बिचाऱ्याने कुठे कुठे जायचं?"

तो गेला. दार बंद झालं. 'बिचारा' हा शब्द तेवढा तिच्या कानात राहिला.

मग तो लांबच लांब दिवस. गाडी नाही, माणूस नाही, रेडिओ नाही. केर्ता आडवा झाला, न्येपीला तो मनापासून झोपायचा. मध्येच एक डोळा उघडून कुजबुजला, "कुत्रा आहे तो. येईल वासावर."

"गावभरचा वास आहे सगळीकडे. त्याला घर कुठलं कळतंय अजून?"

केर्ताने डोळा मिटला. रस्मिनी कालचा गार भात पुढ्यात घेऊन बसली आणि तिला घास जाईना. तिला रडू आलं आणि रडण्याची लाजही वाटली. पोरंबाळं आजारी पडल्यावर रडावं, कुत्र्यासाठी काय. पण खरं ते खरं. या कुंपणातलं झाड न् झाड ती येण्याआधीपासूनचं होतं. देव सासरचे, चूल सासूची, कढईसुद्धा सासूची. एवढा एक काळा जीव तेवढा तिच्या हातून या घरात आला होता, आणि सापडला नाही तरी जाणार होता, सापडला तरी जाणार होता.

कुंपणाच्या दाराला दोन फळ्यांमध्ये फट होती. ती तिथे जाऊन बसली आणि उठलीच नाही.

उन्हं कलली तेव्हा पावलं वाजली. सुदर्सा येत होता, एकटा, रस्त्याच्या मधोमध, हात मागे बांधून. आणि त्याच्या टाचेमागे सेलेम. अंगाला चिखल, एका कानाला गवत, पण चारी पाय शाबूत. सुदर्सा कोपऱ्यावर थांबला आणि तळहात खाली केला. सेलेम बसला. सुदर्साने चहूकडे नजर फिरवली, मग बोट आपल्याकडे वळवलं. सेलेम उठून मागे आला. दोघांपैकी कोणी तोंडातून आवाज काढला नाही. रस्मिनीने ज्यासाठी घसा कोरडा केला होता, ते या माणसाने एका दिवसात, एक शब्द न बोलता करून घेतलं होतं. बोलायला बंदी होती म्हणूनच झालं असेल, दुसरं काय.

सुदर्साने कमरेची पुरचुंडी सोडली, अर्धा भात पानावर काढून खाली ठेवला आणि उरलेला स्वतः उभ्यानेच खाल्ला. तिने दाराची कडी हळूच सरकवली. सेलेमचे कान उभे राहिले. त्याने दाराकडे पाहिलं, शेपटी हलवली. सुदर्सानेही पाहिलं आणि दाराकडे बोट केलं, जा म्हणून. सेलेम उठला, दोन पावलं आला, मागे वळला, आणि सुदर्सा पुढच्या फेरीला निघाला तसा त्याच्या मागे गेला.

रस्मिनीच्या जिवात जीव आला. आणि तिला हेवाही वाटला.

अंधार पडल्यावर सुदर्सा घरी आला, पिल्लाला तिच्या पुढ्यात ठेवलं, "तुझा कुत्रा" एवढं म्हणाला आणि झोपायला गेला. टेम्पोबद्दल अवाक्षर नाही. तिने सेलेमच्या कानातलं गवत काढलं आणि मनात म्हणाली, आता हा माणूस त्याला पाठवायचा नाही. दिवसभर आपल्या पानातलं घालून कोण पाठवेल?

सकाळी टेम्पो दारात येऊन थांबला. "सुदर्सा, पिल्लू न्यायचंय ना?" ड्रायव्हरने आतूनच विचारलं.

सुदर्सा बोडक्या कोंबड्याला मांडीवर घेऊन मालिश करत होता. त्याने मान वर केली नाही. रस्मिनी थांबली. तो आता बोलेल, मग बोलेल. केर्ताने टोपली आणली, सेलेमला उचलून आत ठेवलं, रस्मिनीकडे बघायचं टाळून दाराकडे निघाला. सुदर्साचा हात कोंबड्याच्या पाठीवरून फिरतच होता.

ती पुढे झाली आणि तिने केर्ताच्या हातातून टोपली काढून घेतली.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "माझ्या माहेरचा आहे. हा कुठे जायचा नाही."

केर्ता बघत राहिला. ड्रायव्हरने सुदर्साकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" सुदर्सा म्हणाला. "तिने सांगितलं ना. जा तू."

टेम्पो गेला. सुदर्साने कोंबडा खाली सोडला. "एवढंच पहिल्या दिवशी बोलली असतीस तर? मी तोंड उघडतो, हा मान डोलावतो, तू भांडी घासायला जातेस. इतकी वर्षं हेच चाललंय. मला काय स्वप्न पडतं, कोणाला काय हवंय ते?"

रस्मिनीने टोपली खाली ठेवली. सेलेम बाहेर पडला, तिचा हात चाटला आणि थेट सुदर्साच्या पायाशी जाऊन बसला. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण कालच्यासारखा हेवा वाटला नाही. बसू दे. राहणार तर होता.

आणि मग, एकदा तोंड उघडलंच आहे तर, असं तिला वाटलं.

"ब्ली, अजून एक सांगू?"

"अजून आहे?"

"तुमच्या या टोपल्या पहाटे माझ्या स्वयंपाकघराच्या दारात असतात. अंधारात रोज ठेच लागते मला. लग्न झाल्यापासून."

केर्ता एकदम आपल्या पायांकडे बघायला लागला. सुदर्सा उठला, पहिली टोपली कोंबड्यासकट उचलली आणि म्हणाला, "कुठे ठेवू, ते सांग."

रस्मिनीने जागा दाखवली.